सूलिया आत्याच्या अंगणातल्या चपला

आमच्या बेटावरच्या गावात येणाऱ्या पाहुण्याला आम्ही फार नियम सांगत बसत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की घरात बसायचं, बसताना पाय कोणाकडे पसरायचे नाहीत, आणि सूलिया आत्याच्या अंगणात पडलेल्या चपला जुळवून ठेवायच्या नाहीत. पहिल्या दोन गोष्टी पाहुण्याला पटतात. तिसरीवर तो हसतो आणि मग त्याची नजर तिकडे जातेच. एक रबरी चप्पल ओट्याच्या पायरीशी, दुसरी निरफणसाच्या झाडाखाली, उलटी. उन्हापावसाने दोन्ही पार पांढऱ्या पडल्यात. आत्या जाऊनही आता बराच काळ लोटला, तरी झाडायला येणाऱ्या सुनासुद्धा त्या चपलांच्या बाजूबाजूने झाडतात.

सूलिया माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्या म्हणजे काही सणावारी येऊन जाणारी पाहुणी नव्हे. भावाच्या घरात तिचा शब्द खाली पडत नाही, कारण तिचा शाप भावाच्या पोरांना लागतो असं सगळे मानतात. माझे वडील गावच्या पंचायतीत बोलायला लागले की कुत्रीसुद्धा उठून जात. पण आत्या समोरून येताना दिसली की तेच वडील अंग चोरून बसत. आत्याला याची पुरेपूर जाणीव होती. पत्ते खेळताना ती उघड उघड लबाडी करायची आणि कोणी पकडलीच तर शांतपणे विचारायची, "शाप देऊ का?"

सकाळी तिच्या परसातून ठोकण्याचा आवाज यायचा. तुतीच्या जातीच्या एका झाडाची साल भिजवून, लाकडी मोगरीने कुटून ती कापड करायची. बाकीच्या बायकांनी ते काम कधीच सोडलं होतं. दुकानात फुलाफुलांच्या चादरी मिळत असताना दिवसभर साल कोण कुटत बसणार? पण एका कामाला दुकानातली चादर चालत नाही, आणि त्या कामासाठी सगळ्यांना आत्याच लागायची.

समुद्रात गेलेल्या माणसाचं प्रेत मिळालं नाही, तर तो ओल्या पायांनी घरोघर हिंडत राहतो. मग त्याच्यासाठी किनाऱ्यावर सालीचं कापड अंथरायचं आणि त्याला नावाने हाक मारायची. खेकडा, मुंगी, नाकतोडा, जो जीव पहिल्यांदा कापडावर चढेल त्याला हलकेच बाजूला करायचं. परत आला तर परत बाजूला करायचं. तिसऱ्यांदा तोच आला की तो आपला माणूस. कापड दुमडायचं, घरी आणायचं आणि घरासमोर पुरायचं, अगदी देह पुरावा तसं. मग तो शांत होतो.

पाद्रीबुवांना हे अजिबात मान्य नव्हतं. ते या कापडावर प्रवचनं द्यायचे आणि आत्या पांढरी टोपी घालून पहिल्याच बाकावर डुलक्या काढायची. पुढे त्यांचा मेहुणा होडीवरून पडून गेला. तेव्हा पाद्रीणबाई डुकरांच्या गोठ्यामागून, चिखल तुडवत आत्याकडे आल्या. आत्याने टोमणा मारला नाही. फक्त विचारलं, "डुकरं चावली नाहीत ना?" आणि कापड काढलं.

असा दुसऱ्यांच्या माणसांना परत आणायचा हात होता तिचा. आणि स्वतःचा एकुलता एक मुलगा तिला आणता येईना.

तिच्या मुलाचं नाव तासी. आमच्या भाषेत तासी म्हणजे एक. उंचीने बेताचा, कुरळ्या केसांचा, भयंकर आळशी आणि तितकाच लाघवी. लांबून येतानाच पायातल्या चपला भिरकावून द्यायचा, एक इकडे, एक तिकडे. आत्या रोज ओरडायची आणि रोज उचलून ठेवायची. एका वादळात तो प्रवाळाच्या कड्यापलीकडे कुपा मासे मारायला गेला. होडी सापडली, तो नाही. त्या दिवशी आत्या घरी नव्हती म्हणून चपला तशाच पडून राहिल्या होत्या. त्यानंतर तिने त्या उचलल्या नाहीत.

तासीसाठी कापड अंथरलं तेव्हा मी तिच्याशेजारी बसले होते. आमचा किनारा म्हणजे खेकड्यांचं माहेरघर, पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी खेकडे कापडाच्या काठापर्यंत येत, थांबत आणि वळून जात. सगळ्या बाजूंनी त्यांचं एक रिंगण झालं होतं, मधे कोरं कापड. वारा पडला होता. आत्याने घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण साधी माशी बसली नाही.

ती दुसऱ्या दिवशीही गेली. पुढच्या पौर्णिमेला गेली. वर्षं गेली तरी ती जातच होती. घरासमोर तिने काळे दगड रचून कबर तयार करून ठेवली होती आणि ती रिकामी कबर दर ख्रिसमसला चुन्याने रंगवायची. लोक म्हणू लागले, तासी मेलाच नाही, कुठल्यातरी जहाजावर चढून पळाला. "येईल हो एखाद्या गोऱ्या बाईला घेऊन," असं कोणी म्हणालं की आत्या हसायची. पण एकदा मला म्हणाली, "जिवंत असता तर मला कळलं असतं गं, मारेता. तो मेलाय. पण इथे नाही. इथे नाही म्हणजे मग गेला कुठे?"

आणि एका संध्याकाळी ती किनाऱ्यावरून कापड छातीशी धरून धावत आली. नाकतोडा आला होता. तीनदा आला होता. वडिलांनी डुक्कर कापलं, पाद्रीबुवासुद्धा "सहज फिरत फिरत" आले. कापड त्या काळ्या दगडांखाली पुरलं. आत्या भरपूर जेवली आणि तिथेच आडवी झाली.

दुसऱ्या सकाळी त्या चपला ओट्याच्या पायरीशी होत्या. शेजारी शेजारी, टाचा घराकडे, बोटं बाहेरच्या बाजूला. निघताना नुसते पाय सरकवावेत अशा.

मला वाटलं आत्याने ठेवल्या. आत्याला वाटलं मी.

आमच्या घरांना भिंती नसतात. खांब असतात, वर छप्पर, आणि जमिनीवर प्रवाळाचे गोल खडे, त्यावर चटया. खड्यांवर कोणी चाललं की करकर आवाज होतो, त्यामुळे चोराला आमच्याकडे काही भविष्य नाही. माझं घर आत्याच्या घराला लागून. त्या दिवशी संध्याकाळी शंख वाजला, सगळं गाव घरात गेलं, आणि आत्याच्या घरात खडे करकरले. मग पाख्याखालच्या आडव्या वाशावर थाडकन काहीतरी आपटलं. कोणाचं तरी डोकं आपटावं तसं. पाठोपाठ दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज आला. मी खांबाआडून बघितलं. आत्या एकटीच बसली होती, हातात प्रार्थनेचं पुस्तक, आणि ती माझ्याकडेच बघत होती. पुस्तक उलटं होतं.

मग हे रोजचंच झालं. शंख, करकर, थाड. आत्या त्याच्यासाठी पान वाढून ठेवायची, अळूची कोवळी पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, तासीचा जीव की प्राण. सकाळी ते जसंच्या तसं असायचं. पानासमोरची चटई मात्र ओली. चाखून बघितली तर खारट. हो, मी चाखली. माझ्या स्वभावाला औषध नाही.

एकदा अळूची पानं संपली म्हणून आत्याने दुकानातला भात वाढला. सकाळी भाताच्या मधोमध एक गोल खळगा होता.

"तो माझा नाही गं," आत्या मला म्हणाली. आम्ही दोघी त्या खळग्याकडे बघत बसलो होतो.

"असं कसं? तीनदा आला ना?"

"आला. पण मी हाक तासीला मारत होते आणि ओ देणारा दुसराच होता. माझा तासी या घरात जन्मला. तो वाशाला डोकं आपटेल होय? आणि चपला बघ. त्या कार्ट्याने जन्मात कधी जोडी जुळवली होती का?"

"मग उकरून काढू या. समुद्रात सोडून देऊ."

आत्या माझ्यावर अशी भडकली की मी मागे सरकले. "तुझ्या दारात भिजलेला माणूस आला तर तू त्याला परत पाण्यात ढकलशील का? कोणाचा का असेना. रस्ता चुकलाय."

मला त्याची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. दिवेलागणीला मी माझे पडदे सोडून बसायची. आत्याने मात्र त्या वाशाला जुन्या चटईचा तुकडा गुंडाळून बांधला, त्याला लागू नये म्हणून. थाड होतं त्याचं धप झालं. रोज मूठभर भात ती त्याच्यासाठी वेगळा शिजवायची, आणि पौर्णिमा आली की कापड घेऊन किनाऱ्यावर जायची, तासीला हाका मारायला. खेकडे रिंगण धरून बसायचे.

असंच चालू असताना ओक-बुन आली.

दुपारच्या बसमधून ती गावाच्या अलीकडे, किनाऱ्यावरच उतरली आणि बऱ्याच वेळाने चालत वर आली. पन्नाशीची, सडसडीत, हातात कापडी पिशवी आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कोरियातून आली होती. गावात तिची भाषा येणारी मी एकटीच. तरुणपणी पूर्वेच्या बेटावर कुपा डबाबंद करायच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काढली होती. तिथे कोरियन खलाशी मासा उतरवायचे. आधी त्यांच्या शिव्या शिकले, मग भाव आणि मग उरलेली भाषा. वडिलांनी मला बोलावलं आणि पाहुणीला आत्याकडे न्यायला सांगितलं, कारण तिचं काम समुद्राशी होतं.

आम्ही अंगणात आलो. आत्या पुढे झाली, मी पाहुणीच्या मागे. ओक-बुनने पायरीशी बूट काढले, वाकली, आणि ते उचलून फिरवून ठेवले. टाचा घराकडे, बोटं बाहेर. नेमके तासीच्या चपलांशेजारी. दोन्ही जोड एकाच हाताने ठेवल्यासारखे दिसत होते. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात घरात खडे करकरले. भर दुपारी. आजवर तो दिवसाउजेडी कधी आला नव्हता. कोणीतरी घाईघाईने उठलं असावं आणि वाशावर धप झालं, एवढ्या जोराने की वरून वाळलेल्या झावळ्यांचा भुगा पडला.

ओक-बुन न बघताच बोलून गेली. दोनच शब्द. अगदी वैतागलेल्या, रोजच्या आवाजात.

आणि मग ती जागच्या जागी थिजली.

"काय म्हणाली ती?" आत्याने विचारलं.

मला ते शब्द चांगलेच ठाऊक होते. कारखान्याच्या बुटक्या दारात त्यांचा मुकादम दिवसभर तेच ओरडायचा. "डोकं सांभाळ, म्हणाली."

ओक-बुन खाली बसली. मग ती बोलायला लागली आणि मी आत्याला सांगत गेले. तिचा धाकटा भाऊ मान-गिल ताडमाड उंच होता. त्यांच्या घराची चौकट ठेंगणी, जाता-येता त्याचं डोकं आपटायचं आणि घरातलं कोणी ना कोणी तेच दोन शब्द बोलायचं. तो मासेमारीच्या जहाजावर गेला आणि इथल्याच समुद्रात, तासी गेला त्याच वादळात वाहून गेला.

"मग तुम्ही काय केलंत?" आत्याने विचारलं.

"आमच्याकडे देवऋषीण असते," ओक-बुन म्हणाली. "ती पितळी वाटीत तांदूळ भरते, कापडात बांधते आणि दोरीने समुद्रात सोडते. बुडालेल्याला नावाने हाक मारते. वाटी वर काढल्यावर तांदळात त्याचा केस सापडला, की तो घरी आला. आम्हीही केलं. केस सापडला. पण तो कुरळा होता. आमच्या घरात कोणाचेच केस कुरळे नाहीत."

हे मी आत्याला सांगितलं. सांगायची गरजही नव्हती म्हणा. पाहुणीने बोटाने हवेत केसाचं वेटोळं काढलं होतं आणि ते आत्याने बघितलं होतं.

"देवऋषीण म्हणाली, टाकून द्या. आईने नाही टाकला. म्हणाली, कोणाचा का असेना, भिजून आलाय. वाटी चुलीजवळ उबेला ठेवली. रोज त्याच्यासमोर भात ठेवायची."

"नुसता भात?" आत्या म्हणाली. "त्याला भात घशाखाली उतरत नाही. आजारी असला तरी नाही खायचा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "विचार तिला मारेता, त्रास दिला का त्याने?"

ओक-बुन थोडी हसली. "घरातले जोडे रोज सकाळी अंगणभर सापडायचे. आई म्हणायची, नातवंडं असती तर असंच असतं."

आत्याने तिचा हात धरला. "आता कुठाय तो? आणलायस का?"

मी विचारलं. ओक-बुनने मान खाली घातली. तिची आई गेली होती. जाताना बजावून गेली की त्या मुलाची माणसं वाट बघत असतील, त्याला त्याच्या समुद्रात नेऊन सोड. म्हणून तर ती आली होती. म्हणून तर किनाऱ्यावर उतरली होती.

"सोडला," ती म्हणाली. "वर यायच्या आधीच सोडला. पाण्यात."

मला वाटलं आत्या आता कोसळणार. ती उठली. पेटीच्या तळातून तिने एक मोठं, नवंकोरं कापड काढलं. ते तिने स्वतःसाठी करून ठेवलं होतं, तिला गुंडाळायला, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही बोलायच्या आत ती उतारावरून निघाली.

आम्ही तिघी कापडाच्या काठाशी बसलो. ऊन कललं. आत्याने एकदाच हाक मारली, ओरडून नाही, जेवायला बोलवावं तशी. वरून प्रार्थनेचा शंख ऐकू आला. शंखानंतर घराबाहेर राहणाऱ्याला आमच्याकडे दंड होतो, आणि दंड घेणारे माझे वडील स्वतः हातात काठी घेऊन रस्त्यावर उभे होते. त्यांनी बहिणीकडे बघितलं आणि पाठ फिरवून उभे राहिले.

ओहोटी लागली होती. पाणी मागे जात होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. खेकडे काठाशी येऊन थांबले, रिंगण धरलं, आणि मला वाटलं, झालं, याही वेळी तेच. मग पाण्याकडच्या बाजूने रिंगण फुटलं. एक छोटा शंखातला खेकडा आला. इकडेतिकडे न बघता, कापड तुडवत, सरळ आत्यापर्यंत. तिने त्याला बोटाने उचलून वाळूत ठेवलं. तो परत आला. तिने परत ठेवलं. मी तिचं मनगट धरलं. खेकडा वाळूत थांबला. बराच वेळ थांबला. अंधारून यायला लागलं.

"आळशी मेला," आत्या हुंदक्यातून म्हणाली.

तो आला.

त्याच संध्याकाळी काळे दगड बाजूला केले आणि जुनं कापड वर काढलं. इतक्या वर्षांनी त्याची माती व्हायला हवी होती. ते अखंड होतं, आणि ओलं होतं. ओक-बुनने ते दोन्ही हातांत घेतलं आणि गालाला लावलं. त्या जागेवर आत्याने आपलं कापड ठेवलं आणि स्वतःच्या हातांनी दगड रचले. रात्रभर घरात खडे करकरले नाहीत. मी जागीच होते.

सकाळची बस लवकर असते. आत्याने पाहुणीच्या डब्यात भात भरून दिला, मधोमध खळगा करून. ओक-बुन कापडाचं गाठोडं छातीशी धरून निघाली. वाशाखालून जाताना वाकली आणि गाठोड्यावर हात ठेवून तेच दोन शब्द बोलली. आम्ही कान देऊन ऐकलं. वाशावर काही आपटलं नाही.

पायरीशी तिचे बूट होते तसेच होते, जोडीने. शेजारची जागा रिकामी होती. तासीची एक चप्पल पायरीपासून हातभर लांब आडवी पडली होती. दुसरी पार निरफणसाच्या झाडाखाली उलटी, कोणीतरी लांबून येतानाच भिरकावल्यासारखी.

ओक-बुन सवयीने वाकली. एक चप्पल उचलून ती दुसरीकडे जाणार, तोच आत्याने तिचा हात धरला. चप्पल तिच्या हातातून काढून घेतली आणि जिथे होती तिथेच, तशीच आडवी ठेवली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "तो अशाच काढतो."